एकाच पानावर पाठ आणि तोंड

ज्या माणसाचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून मी त्याला पाठमोरं बसवून फोटो काढला, त्याच माणसाचा समोरून काढलेला हसरा फोटो मी त्याच दिवशी, त्याच वर्तमानपत्राच्या त्याच पानावर, नावानिशी छापला. वर पाठ, खाली तोंड. मधे माझं नाव.

हे घडलंच कसं, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणारे निम्मे लोक विचारतानाच हसत होते. सुरुवातीला मीही हा किस्सा हसवायलाच सांगायचो. पत्रकारांच्या बैठकीत कुणी नवीन आला की जुने मला म्हणायचे, अरे, ते पाठीचं सांग की. मग मी हातवारे करून सांगायचो. आता सांगायला बसलो की कुठं हसायचं तेच सापडत नाही.

मी मूळचा वाशीचा. मुंबईजवळची नव्हे, आमच्या धाराशिव जिल्ह्यातली. तिथं मी आठवडी बाजाराचे भाव, सप्ताहाची सांगता, सोसायटीवर कोण बिनविरोध आलं, अशा बातम्या देत होतो. सुखात होतो. मग एक दिवस जिल्हा कार्यालयातून फोन आला. उमरग्याकडं माणूस पाहिजे, म्हणाले, तुम्हाला ‘सीमाभाग प्रतिनिधी’ असं पद देतो. पद म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही. आधी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. कार्डं हातात पडल्यावर कळलं की माझ्या आधीचा प्रतिनिधी हात मोडून घरी बसला होता आणि आता ठिबकच्या नळ्या विकत होता. मला वाटलं, गाडीवरून पडला असेल बिचारा.

आमची सीमा म्हणजे काही तारेचं कुंपण नव्हे. हैदराबादच्या हमरस्त्यानं जाता जाता एका ठिकाणी पाट्यांची लिपी बदलते, एवढंच. अलीकडं तूर, पलीकडं तूर. सोयरिकी दोन्हीकडं. पण अधूनमधून सीमावादाची हवा तापते. मग त्यांच्या बसला इकडं काळं फासतात, आपल्या बसला तिकडं. बस शेवटच्या गावातून माघारी वळायला लागल्या की आम्ही बातमीदार गाडीवरची ‘प्रेस’ची पट्टी काढून खिशात घालतो. नवीन असताना मी एकदा ती काढायची विसरलो आणि तसाच पलीकडं गेलो. काठ्या घेतलेल्या पोरांनी गाडी अडवली. मला कन्नड एकच वाक्य येत होतं, तेवढं मी हात जोडून म्हणालो, ‘‘ऊटा आयता?’’ म्हणजे जेवण झालं का. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातल्या एकानं, अजून न्हाय झालं, असं मराठीतच सांगितलं आणि मला वाट करून दिली.

हे मी मोठ्या चवीनं सांगत असे. सीमाभागातला धाडसी अनुभव म्हणून. पण भाषेच्या भांडणात माणसं तापतात आणि निवतात. आमच्याकडं खरी भीती दुसरीच होती. इकडं बंदी असलेला गुटखा पलीकडून येतो. येतो म्हणजे रोज येतो. पिकअपमधून, भाजीखालून, कडब्याखालून. त्याच्या पुढं-मागं जीप असते, आणि जीपमध्ये पोरं असतात. ती पोरं कुणाची हे सगळ्या तालुक्याला ठाऊक असतं. छापून मात्र कधी येत नाही.

न येण्याचीही एक रीत आहे. धोक्याची बातमी असली की गावातले सगळे वार्ताहर चहाला एकत्र जमतात आणि ती एकाच दिवशी, जवळपास एकाच शब्दांत द्यायची असं ठरवतात. मारायचंच झालं तर सगळ्यांना मारावं लागेल, आणि सगळ्यांना मारायला कुणाला सवड नसते. बाहेरून येणारे शहरी पत्रकार याला आळस म्हणतात. ते सायंकाळी सोलापूरला मुक्कामाला जातात. आम्ही इथंच राहतो, पोरं इथल्याच शाळेत घालतो, आणि ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्याच पंपावर पेट्रोल भरतो.

दुसरी रीत पाठीची. कुणी काही पाहिलं असेल आणि सांगायला तयार असेल तर त्याची पाठ घ्यायची. नाव नाही, गाव नाही, आवाज नाही. माझ्या आधीच्या प्रतिनिधीनं, मोडलेला हात गळ्यात असताना, मला एवढंच शिकवलं होतं. माणसाला बिनतोंडाचं करायचं, म्हणजे तो जगतो.

तिसरी गोष्ट रीत म्हणावी की दळण, मला कळत नाही. आम्हा वार्ताहरांना बातमीवर कुणी पोसत नाही. आम्ही जगतो जाहिरातीवर. वाढदिवस, निवड, दशक्रिया. वर्षातून एकदा पेपरचा वर्धापनदिन येतो. तेव्हा जाडजूड पुरवणी निघते आणि ती शुभेच्छांनी भरून द्यावी लागते. सरपंचापासून सलूनवाल्यापर्यंत प्रत्येकाचा फोटो, खाली नाव, दुकानाचं नाव आणि ‘शुभेच्छुक’. सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी शोधायची, दुपारी त्याच्याच दारात फोटो मागायला जायचं. सवय झाली की डोक्यात आपोआप दोन खोल्या पडतात. एकीत बातमीवाला राहतो, दुसरीत जाहिरातवाला, आणि दोघांची बोलचाल नसते.

आता अण्णा. उमरगा सोडून पुढं, सीमा लागायच्या जरा आधी, रस्त्याकडेला कडुलिंबाखाली त्यांची चहाची टपरी होती. नवराबायको दोघंच. अण्णांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये जाऊन बसायचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. कुणी आलं की अण्णा ‘बर्री, कूडरी’ म्हणत बाकडं पुसायचे, म्हणजे या, बसा. अक्का फार बोलत नसत. मी रोज तिथं थांबायचो. तिथं बातम्या मिळतात म्हणून, असं मी कार्यालयाला सांगायचो. खरं म्हणजे अण्णा माझ्या कन्नडला हसत नसत.

त्या टपरीसमोर एका संध्याकाळी एका पिकअपवाल्याला जीपमधून आलेल्या पोरांनी खाली ओढलं. तो आधी त्यांचा माल आणायचा आणि आता आणणार नाही म्हणत होता. लोखंडी पाइपांनी मारलं, जीपमध्ये टाकलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो एका पुलाखाली सापडला. ठाण्यातून प्रेसनोट आली, अज्ञात वाहनाच्या धडकेत चालकाचा मृत्यू. आम्ही सगळ्यांनी ती तशीच छापली. एकाच दिवशी, एकाच शब्दांत.

अण्णांनी आणि अक्कांनी सगळं पाहिलं होतं. ते बोलले नसतेही. पण त्या मेलेल्या पिकअपवाल्याची आई टपरीवर यायला लागली. माझ्या लेकराला गाडी कुठं धडकली ती जागा दाखवा, म्हणायची. तिथं तिला हळदकुंकू वाहायचं होतं. अण्णा रस्त्याकडं कुठंतरी बोट दाखवायचे आणि ती तिथं जाऊन बसायची.

‘‘ती चुकीच्या जाग्याला फुलं वाहती सायेब,’’ अण्णा मला म्हणाले. ‘‘मला च्या गाळवंना झालाय.’’

मग त्यांनी सांगितलं. कोण होते, जीप कुठली, आधी कुणी मारलं. सांगून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. त्यांची एकच अट होती.

‘‘माजं नाव नको, तोंड नको. आमाला हितंच बसायचंय. ही टपरी गेली तर आमाला दुसरीकडं कोण उभं करत न्हाय.’’

मी शब्द दिला. असा शब्द देताना मला छाती भरून आल्यासारखं व्हायचं, ते त्या दिवशीही झालं. मी त्यांना टपरीच्या मागं नेलं. निळ्या पत्र्याकडं तोंड करून बसवलं, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल तसाच ठेवला आणि पाठीचा फोटो घेतला. उजेड चांगला होता. फोटो इतका चांगला आला की मी तो अण्णांनाही दाखवला. ते म्हणाले, आपली पाठ आपण कधी बघितलीच नव्हती.

इतर वार्ताहरांना मी काही सांगितलं नाही. वर्धापनदिनाची पुरवणी आठवड्यावर आली होती. त्यात ‘आमचा सीमाभाग’ असं एक अख्खं पान माझं होतं, आणि बातमी फक्त माझ्या नावावर यावी असं मला वाटत होतं. सगळ्यांनी मिळून छापायची रीत मी मोडली. ती का पडली असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

त्या पानाचा वरचा भाग बातमीनं भरला होता. खालच्या बाजूला शुभेच्छांचे चौकोन होते, आणि त्यातला एक रिकामा राहत होता. अण्णा पत्र्याकडून वळले, टॉवेलनं तोंड पुसलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी म्हणालो, अण्णा, आता जरा इकडं बघा. तुमचा एक फोटो शुभेच्छांत टाकतो. फुकट.

अण्णा लाजले. आयुष्यात कधी पेपरात फोटो आला नव्हता. आत जाऊन केस विंचरून आले, विभूती नव्यानं लावून आले. टपरीचं नाव बी येईल व्हय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, येणार की. अक्कांनी आतून काहीतरी कन्नडमध्ये विचारलं आणि अण्णांनी त्यांना हसून गप्प केलं. मी त्यांना निळ्या पत्र्यासमोर उभं केलं, उजेड तिथंच चांगला होता म्हणून. टॉवेल खांद्यावर होताच.

त्या क्षणी मला काही खटकलं का, असं विचाराल तर नाही. पाठीचा फोटो मी बातम्यांच्या नंबरवर पाठवला, तोंडाचा जाहिरातींच्या नंबरवर. बातमीवाल्यानं गुपित पाळलं होतं आणि जाहिरातवाल्यानं चौकोन भरला होता. दोघंही समाधानानं झोपले.

वर्धापनदिनाला मी पहाटेच उठलो. पेपरची पीडीएफ आली होती. ती उघडून बघायच्या आधी मी तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर टाकली. सरपंचांचा ग्रुप, व्यापाऱ्यांचा, शिक्षकांचा, रक्तदात्यांचा. खाली लिहिलं, ‘सीमाभागातलं धगधगतं वास्तव, पान चार जरूर वाचा’. लोकांनी भलतंच पान उघडून बसू नये एवढी काळजी मी घेतली होती. मग चहा ठेवला आणि स्वतः पान चार उघडलं.

वर पाठ होती. निळा पत्रा, लाल काठ. खाली अण्णा होते. निळा पत्रा, लाल काठ. तोच चौकड्याचा शर्ट. अण्णा इतके छान हसत होते की नजर बातमीकडं जायच्या आधी त्यांच्याकडंच जात होती. त्याच ओळीत, चौपट मोठ्या चौकोनात, जीपवाली पोरं ज्यांची म्हणून तालुका ओळखतो त्या युवा नेत्याच्या शुभेच्छा होत्या. त्याही मीच आणल्या होत्या.

पहिल्यांदा मी मेसेज पुसायला गेलो. सगळ्यांसाठी पुसायचं सोडून मी फक्त माझ्यापुरतं पुसलं. एकेका ग्रुपवर जाऊन, घाईघाईनं, सगळीकडं तसंच. माझ्या फोनमधून ते पान नाहीसं झालं आणि बाकी तालुक्याच्या फोनमध्ये राहिलं. मग गाडी काढली आणि पेपर विकत घ्यायला सुटलो. स्टँडवरचा विक्रेता म्हणाला, काय सायेब, आज एवढे अंक, काय सत्कार-बित्कार छापून आलाय का. मी हो म्हणालो. त्यानं अभिनंदन केलं आणि ओळखीतल्या आणखी दोन विक्रेत्यांना फोन लावून, आमच्या सायबांना अंक राखून ठेवा म्हणून सांगितलं. मी गावोगावचे गठ्ठे गोळा करत निघालो. एका गावात, मागं बांधलेला गठ्ठा बघून, एका म्हाताऱ्यानं मला पेपरवालाच समजून एक अंक मागितला. मी देत नाही म्हटल्यावर चिडला. शेवटी दिला. म्हणजे मी एक अंक विकलासुद्धा.

टपरीवर पोचलो तर तिथं गर्दी. अण्णांनी पान चार कडुलिंबाला खिळ्यानं ठोकलं होतं आणि आलेल्या प्रत्येकाला ते दाखवत होते. मला बघून त्यांनी बाकडं दोनदा पुसलं. चहात आलं जास्त घातलं. मी काही बोलायच्या आत एक ट्रकवाला ग्लास हातात घेऊन झाडाजवळ गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

‘‘अण्णा,’’ तो म्हणाला, ‘‘वर बी तुमीच हाव व्हय?’’

लोक हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. अक्का आतून आल्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती. त्यांनी खिळ्यासकट पान ओढून काढलं आणि चुलीत घातलं. मी माझ्याजवळचे गठ्ठेही चुलीत घालायला दिले. त्यांनी ते बाहेर टाकले.

दुपारी जीपमधून दोघं जण चहाला आले. मी तिथंच होतो, जायचं धाडस होत नव्हतं म्हणून. त्यांनी शांतपणे चहा घेतला. एकानं बाहेर पडलेल्या गठ्ठ्यातला अंक उचलला, पान चार वेगळं काढलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं. जाताना अण्णांना चहा चांगला झाला म्हणाले. मला तर नमस्कार केला.

संध्याकाळी युवा नेत्याचाच फोन आला. आवाज मऊ.

‘‘पत्रकार, अंक लई भारी झाला. आमी पान चार अख्खं वाचलं बरं का. शुभेच्छासुद्धा.’’

मी आभार मानले. दुसरं काय सुचणार? तोंडातून धन्यवाद आपोआप निघालं, जाहिरात दिलेल्या माणसाशी आपण बोलतो तसं.

मी जिल्हा कार्यालयाला फोन केला आणि खुलासा छापा म्हणालो. आमचे सर अनुभवी. त्यांनी विचारलं, ‘‘काय छापू? वरील पाठ खालील तोंडाची नाही, असं?’’ मग म्हणाले, तू काही दिवस वाशीला जाऊन ये. मी म्हणालो, अण्णांचं काय. ते म्हणाले, ते कोण अण्णा? मी त्यांनाही नाव सांगितलं नव्हतं. गुपित पाळलं होतं.

ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. धमकी आलीय का, विचारलं. चहा चांगला झाला म्हणाले, मी सांगितलं. साहेब म्हणाले, टपरीवाल्यानं स्वतः येऊन लेखी जबाब दिला तर बघता येईल. जबाब द्यायचा म्हणजे ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या, आणि पायऱ्यांसमोरच्या पानपट्टीवर दिवसभर कोण बसलेलं असतं हे त्यांनाही माहीत होतं.

अण्णांना म्हणालो, टपरी थोडे दिवस बंद ठेवा. त्यांनी नाही म्हटलं.

‘‘बंद केली तर म्याच सांगितलं असं व्हतंय. उगडी ठेवली तर निदान वाटंल की फोटो दुसऱ्याचा आसल.’’

त्यांना ते खरंच वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, मला अजून उमगलेलं नाही. मी रोज जाऊन बसायला लागलो. पत्रकार समोर असला की काही होणार नाही, असा माझा हिशेब. झालं उलटंच. मी बसलेलो दिसलो की गिऱ्हाईक थांबेना. ओळखीचे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढं जायला लागले. पिकअपवाल्याची आईसुद्धा यायची थांबली. शेवटी अक्कांनी माझ्यासमोरचं बाकडं उचलून आत नेलं. म्हणून मी जायचं बंद केलं.

मी जात नव्हतो त्याच आठवड्यात, भर दुपारी, एक टिपर रस्ता सोडून टपरीत घुसला. अक्का पाणी आणायला गेल्या होत्या. अण्णा आत होते. टिपरवाला टिपर तिथंच सोडून पळाला, त्याला नंबरपाटी नव्हती.

सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना बघितलं, लांबून. अक्का दारात बसलेल्या होत्या, त्यांना ओलांडून जायची माझी छाती झाली नाही. डाव्या पायाचा कमरेपासून चुरा झाला होता असं नंतर कळलं.

तोवर पत्रकारांच्या ग्रुपवर प्रेसनोट आली होती. नियंत्रण सुटल्यानं टिपरची टपरीला धडक, चालक पसार. तिच्याखाली हात जोडल्याच्या खुणा पडायला लागल्या. मग आम्ही चहाला जमलो. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. बातमी सगळ्यांनी एकाच दिवशी द्यायचं ठरलं. मी घरी येऊन फोनवर टाइप केली. एका कॉलमची, चार ओळींची. ‘टिपरच्या धडकेत टपरी उद्ध्वस्त, एक जखमी’. या वेळी नाव टाकलं नाही, फोटोही नाही. एवढी चोख गुप्तता मी नोकरीत कधी पाळली नव्हती.

मी वाशीला परत गेलो नाही. लोकांना वाटतं, जिद्दीनं टिकलो. खरं म्हणजे परत गेलो तर का आलास, हे सांगावं लागलं असतं. अजून मी इथंच आहे. मला कधी कुणी हात लावला नाही, साधी धमकीसुद्धा नाही. तिकडं शहरात एखादं शिबिर असतं, धोक्याच्या भागातल्या पत्रकारांसाठी, त्यात विचारतात की तुमच्यावर किती हल्ले झाले. मी एकही नाही म्हणतो तेव्हा सूत्रसंचालकाचा चेहरा उतरतो. माझ्यावर कुणी का करावा? मी त्यांच्या किती उपयोगाचा होतो, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं होतं. त्या पानानंतर आमच्या भागात कुणीही, काहीही पाहिलेलं नाही. मी गाडी थांबवली की लोक गप्पा थांबवतात. मी फोन बाहेर काढला की उठून जातात. मागं एकदा बिबट्या दिसला म्हणून आवई उठली, तर बिबट्यासुद्धा कुणी पाहिला म्हणेना.

मागच्या पौर्णिमेला तुळजापूरला गेलो होतो. गर्दीची बातमी करायला. बसस्टँडकडून मंदिराकडं जाताना एका लॉजच्या पायरीशी अण्णा दिसले. स्टुलावर बसून भाविकांच्या चपला राखत होते. अक्कांचा भाऊ तामलवाडीला असतो, त्यानं एक खोली दिली होती. अक्का लॉजच्या चादरी धुवायच्या आणि रोज दोघं तिकडून यायचे. पैलवानासारखा माणूस होता, तो स्टुलात मावत होता.

त्यांनी मला ओळखलं. ‘बर्री’ म्हणाले. बसायला काही नव्हतं, मी पायरीवर बसलो. सोलापूरच्या बसमधून उतरलेले लोक आमच्या आसपास चपला काढत होते आणि अण्णा त्या जोडीजोडीनं लावत होते. पायाबद्दल ते काही बोलले नाहीत. कडुलिंब उभा हाय का, एवढं विचारलं. मी हो म्हणालो. मग म्हणाले, ‘‘माज्या जाग्यावर कोन बसलंय?’’

तिथं आता युवा नेत्याच्या माणसाचं रसवंतीगृह आहे. रंगीत पत्रे, खुर्च्या. त्याच्या उद्घाटनाची जाहिरात आमच्याच पेपरात आली होती. मी म्हणालो, कुणी न्हाय, मोकळीच हाय. अण्णांनी मान हलवली, आणि मला वाटतं त्यांना आशा वाटली. जागा मोकळी असेल तर पाय बरा झाल्यावर जाता येईल, असं ते हळूच म्हणाले. पाय बरा होण्यासारखा नव्हता आणि जागा मोकळी नव्हती. मी ‘व्हय की’ म्हणालो.

तेवढ्यात अक्का ओल्या चादरींचं बोचकं घेऊन जिन्यातून खाली आल्या. मला बघून थांबल्या. बोचकं खाली ठेवलं नाही, तसंच कमरेवर धरून उभ्या राहिल्या, पाणी साडीवर गळत होतं. मला काहीतरी करावंसं वाटलं. फार मनापासून वाटलं. खरं सांगतो, छाती तशीच भरून आली. मी म्हणालो, अक्का, तुमच्या परिस्थितीवर मी एक चांगली बातमी करतो. दोघांचा फोटो टाकतो. लोक वाचतात, मदत येते, मोठ्या शहरातून पण येते. माझा हात फोनकडं गेलाही होता.

अण्णा केसांवरून हात फिरवायला लागले. अक्कांनी त्यांचा हात धरून खाली केला. मग माझ्याकडं वळल्या. रागानं नव्हे, मुक्या जनावराला काय दुखतंय ते विचारावं तशा मऊ आवाजात.

‘‘सायेब, तुमाला दुसरं कुठलं काम येत न्हाय का?’’